अलंकार ओळखायचा कसा: कपाशीच्या एका वाक्यापासून सुरुवात

दहावीची पोरं असोत की पोलीस भरतीची तयारी करणारे, अलंकाराचा प्रश्न आला की बहुतेकांची पद्धत एकच. 'सारखा' दिसलं की उपमा, 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा, 'नव्हे' दिसलं की अपन्हुती. सोप्या प्रश्नाला ही पद्धत चालून जाते आणि नेमक्या अवघड प्रश्नाला दगा देते. 'रातभर छप्पर सारखं गळत होतं' यात 'सारखं' आहे, पण उपमा नाही. उलट बाप अंगणात आल्यावर पोट्टे कुजबुजतात, 'वाघ आला, चूप!' त्यात खुणेचा एकही शब्द नाही, तरी वाघ काही आलेला नसतो.

म्हणून खुणेचे शब्द शेवटी ठेवा. आधी ओळीत काय घडतंय ते पाहा, नाव मागून येतं. खालची उदाहरणं मुद्दाम आपल्याकडच्या, म्हणजे विदर्भातल्या, वावरातली अन् पांदणीतली (शेताकडच्या वाटेवरची) घेतली आहेत. पाठ्यपुस्तकातली उदाहरणं एवढी घोकून झालेली असतात, की त्यांच्यावर ओळखायची सवय लागतच नाही.

पहिली पायरी: वाक्य शब्दशः खरं धरून पाहा

ओळ समोर आली की तिच्यातला शब्दन् शब्द खरा धरा. 'आमची विहीर उन्हाळ्यात आटते' हे जसंच्या तसं खरं. 'आमची विहीर उन्हाळ्यात डोळे पुसते' हे खरं धरायला गेलं की अडतं, कारण विहिरीला डोळे नसतात. असं जिथं अडतं, तिथं थांबायचं. काव्यशास्त्रात या अडण्याला मुख्यार्थबाध म्हणतात.

शब्दाला अर्थ देणाऱ्या शक्ती तीन. शब्दाचा सरळ अर्थ सांगते ती अभिधा. सरळ अर्थ अडला की त्याच्याशी नातं असलेल्या दुसऱ्या अर्थाकडे नेते ती लक्षणा. 'अख्खं गाव पोळ्याला आलं' म्हटलं तर घरं-विहिरी चालत आल्या नाहीत, माणसं आली, ही लक्षणा. तिसरी व्यंजना. सांजच्याला सासू नुसतं म्हणते, 'ढोरं आली वाटते.' यात काहीच अडत नाही, सगळं खरं आहे. तरी सून हातातलं टाकून गोठ्याकडे निघते. सांगितलं एक, समजलं दुसरं, आणि सांगितलेलंही खोटं नाही.

इथं एक चाळणी लावावी लागते. 'खाटेचे पाय', 'बाटलीचा गळा', 'कापसाचा भाव पडला' हेसुद्धा शब्दशः खरं नाही. पण बोलणाऱ्याला आपण काही वेगळं बोलतोय याची जाणीवही नसते. वापरून वापरून ते सरळच झालंय. अशा रूढ प्रयोगांना परीक्षेत अलंकार म्हणून कोणी विचारत नाही आणि कवितेतही ते मोजायचे नाहीत. मात्र कवी त्यांना पुन्हा जागं करू शकतो. 'आजोबा उठले अन् खाटेच्या पायांनी सुटकेचा श्वास सोडला' म्हटलं की त्या पायांकडे आपण परत पाहतो.

दुसरी पायरी: शब्द बदलून पाहा

आता ठरवायचं, गंमत आवाजात आहे की अर्थात? कसोटी साधी आहे. ओळीतला शब्द काढून त्याच अर्थाचा दुसरा शब्द घाला. गंमत मेली तर शब्दालंकार, टिकली तर अर्थालंकार. अकराव्या शतकातल्या मम्मटाच्या काव्यप्रकाशातही शब्दालंकार-अर्थालंकार वेगळे करायला हीच कसोटी आहे, आणि मला तरी आजवर हिच्याहून सोपी दुसरी सापडली नाही.

'काळ्या कसदार मातीतली कपाशी' यात 'कसदार'च्या जागी 'सुपीक' घाला. अर्थ तोच राहिला, पण क-काराचा ठेका मोडला. म्हणजे इथं अनुप्रास होता. 'बाप ढालीसारखा उभा राहिला' याचं 'वडील ढालीप्रमाणे उभे राहिले' करा. काही बिघडलं नाही. म्हणजे गंमत अर्थात आहे.

शब्दालंकारांत अनुप्रास आणि यमक यांवर फार वेळ घालवू नका. अक्षर ओळीत कुठंही पुन्हापुन्हा येऊन नाद तयार झाला तर अनुप्रास. चरणांच्या शेवटी किंवा ठरावीक जागी तीच अक्षरं, अर्थ वेगळा, तर यमक. पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या म्हणतात तेव्हा हेच चाललेलं असतं. 'तोरण बांधलं आंब्याच्या पानाचं, वावर पेरलं यंदा धानाचं' असं कोणी ठोकून दिलं की समोरच्या टोळीनं त्याहून वरचढ यमक जुळवायचं, आणि 'हर हर महादेव'चा गजर व्हायचा.

श्लेषावर मात्र थांबायला हवं, कारण तिथं गडबड होते. 'निवडणूक आल्यापासून सरपंचानं गावात वावर वाढवला.' फिरणं वाढवलं, की शेत? 'वावर'च्या जागी 'शेत' घाला, खोच गेली. हा शब्दश्लेष. 'आमची पांदण अन् आमचा पाटील, दोघंही वाकडे.' इथं 'वाकडे' काढून 'तिरपे' घाला, रस्त्याचा आणि स्वभावाचा दोन्ही अर्थ बऱ्यापैकी टिकतात. हा अर्थश्लेष. आणि शब्द तोडल्यावर दुसरा अर्थ निघाला तर सभंगश्लेष. भरल्या बंडीवर बसलेल्याला वाटेतल्यानं विचारलं, 'पोत्यात काय हाये?' तो म्हणाला, 'सरकी!' आणि विचारणारा बिचारा बाजूला सरकला. 'सरकी' एकसंध ऐकली तर कापसाचं बी, तोडून ऐकली तर 'सर की'.

तिसरी पायरी: एकच वाक्य, नऊ अलंकार

सगळा खरा घोळ साम्यावर उभ्या असलेल्या अलंकारांत होतो. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढच्या पंडितांनी ही संख्या शंभराच्या घरात नेली. त्यातले बरेचसे एकाच गोष्टीचे कमीजास्त प्रकार आहेत. दोन वस्तू शेजारी ठेवायच्या आणि त्यांच्यातलं अंतर किती मिटवायचं, एवढाच फरक. हे अंतर पाहायला शिकलात की अर्धा विषय हातात आला.

चार नावं आधी पाठ हवीत, हे पाठांतर टाळता येत नाही. ज्याचं वर्णन करायचं ते उपमेय. ज्याच्याशी तुलना करायची ते उपमान. दोघांत सारखा असलेला गुण म्हणजे साधारण धर्म. तुलना दाखवणारा शब्द म्हणजे साम्यवाचक शब्द. आपलं उपमेय आहे दिवाळीच्या सुमारास फुटलेला कापूस, उपमान आहे चांदणं, साधारण धर्म पांढरेपणा. सरळ वाक्य असं: 'वावरात कापूस फुटला आहे.'

'कापूस चांदण्यासारखा पांढरा फुटला आहे.' दोघं वेगळे आहेत, नुसते शेजारी उभे केले. ही उपमा. चारही भाग हजर आहेत म्हणून पूर्णोपमा. 'पांढरा' गाळलं तरी उपमाच, फक्त लुप्तोपमा. सारखा, जसा, प्रमाणे, सम, परी, तुल्य हे साम्यवाचक शब्द. आपल्या बोलीत 'वानी' आणि 'गत' हेही त्यातलेच. 'पोरगं वाघावानी भिडलं' ही पक्की उपमा आहे, ती ग्रंथातली असायला पाहिजे असं नाही. एक अट लक्षात ठेवा, दोन वस्तू वेगळ्या जातीच्या हव्यात. 'आमचा कापूस तुमच्या कापसासारखाच आहे' ही तुलना आहे, अलंकार नाही.

'कापूस फुटला, जणू दिवसाढवळ्या चांदणं पडलं.' आता कवी म्हणतो, हे तेच असावं असं वाटतंय. कल्पना केली, ठाम दावा केला नाही. ही उत्प्रेक्षा. जणू, गमे, वाटे, भासे, की हे तिचे शब्द.

'वावराच्या काळ्या आभाळात कापसाचं चांदणं पसरलं.' वाटण्याबिटण्याची भाषा संपली. वावर हेच आभाळ, कापूस हेच चांदणं. दोघं एक झाले, पण दोघांचीही नावं वाक्यात आहेत. हे रूपक.

'हा कापूस नव्हे, हे तर चांदणं!' इथं उपमेय चक्क नाकारलं. ही अपन्हुती. 'नव्हे' हाच शब्द असायला पाहिजे असं नाही. 'कापूस कशाचा, चांदणं म्हणा' यातही तोच नकार आहे.

'चांदणंही फिकं पडावं असा कापूस.' आता पारडं उलटलं, उपमेय उपमानाच्या वर गेलं. हा व्यतिरेक. मायबोलीनं पैजेत अमृतालाही जिंकावं, ही ज्ञानेश्वरांची प्रतिज्ञा याच जातीची.

'यंदाच्या कापसासारखा यंदाचाच कापूस.' जोडीला दुसरं काही उरलंच नाही, स्वतःची उपमा स्वतःलाच. हा अनन्वय.

आता थोडं बाजूला वळू. 'हा कापूस म्हणावा की चांदणं?' मन दोन्हीकडे झुलतंय, निर्णय झालेला नाही. हा ससंदेह. 'चांदणं पडलं समजून रातकिडे भरदुपारी किरकिरू लागले.' इथं संशय नाही, चूक झाली आणि त्या चुकीवर कृतीही झाली. हा भ्रांतिमान. दोघांत फरक करायला एकच प्रश्न पुरे: कोणी फसून काही केलं का? केलं असेल तर भ्रांतिमान. आणि 'कापूस एवढा फुटला, की अवसेच्या रातीही कंदिलाशिवाय वेचणी झाली' ही सरळ अतिशयोक्ती.

या माळेत 'पांढरं सोनं' कुठं बसवायचं, असा प्रश्न हुशार पोरं विचारतात. 'यंदा पांढरं सोनं घरात आलं' या वाक्यात कापसाचं नावच नाही. उपमानानं उपमेय पूर्ण गिळलंय. जुन्या शास्त्रात याला अतिशयोक्तीचा प्रकार मानतात, रूपकातिशयोक्ती. शाळेच्या पातळीवर रूपक लिहिलं तर चालून जाईल. पण खरं सांगायचं तर बातम्यांच्या मथळ्यांनी हा प्रयोग इतका झिजवलाय, की आता तो 'खाटेचे पाय' होण्याच्या वाटेवर आहे.

हा सगळा भाग वाचून सोडून देऊ नका. वहीच्या एका पानावर आपलं स्वतःचं उपमेय घ्या, तुरीचं शेत, आजीचे हात, एसटी स्टँडवरची गर्दी, काहीही, आणि त्याला या सगळ्या घरांतून फिरवा. अलंकार ओळखायचा सगळ्यात जलद मार्ग तो स्वतः तयार करण्याचा आहे. दहा तयार उदाहरणं घोकण्यापेक्षा हे एक पान जास्त उपयोगी पडतं.

चौथी पायरी: जिथं तुलना दिसत नाही

काही अलंकारांत दोन वस्तू शोधत बसलात तर हाती काही लागत नाही. तिथं वेगळे प्रश्न विचारावे लागतात.

निर्जीव वस्तू माणसासारखी वागतेय का? मग चेतनगुणोक्ती. मघाची डोळे पुसणारी विहीर तीच. वर्णन जसंच्या तसं आणि इतकं अचूक आहे का, की डोळ्यांपुढे उभं राहतं? 'माशी बसली की बैल तेवढ्याच जागेचं कातडं थरथरवतो, शेपूट एका अंगाला टाकतो, अन् अर्धे डोळे मिटून रवंथ चालूच ठेवतो.' ही स्वभावोक्ती. इथं पहिल्या पायरीची कसोटी चालत नाही, कारण सगळं खरंच आहे. नेमकं खरं आहे म्हणूनच तो अलंकार आहे.

ऐकताना विरोध वाटतो पण विचार केल्यावर मिटतो? 'आजी आंधळी आहे, पण घरातलं सगळ्यात आधी तिलाच दिसतं.' हा विरोधाभास. कारण एका जागी आणि परिणाम भलत्याच जागी? 'गारा वावरात पडल्या, जखमा बापाच्या छातीत झाल्या.' ही असंगती.

आता ज्यांत भले भले अडकतात ते दोन, दृष्टान्त आणि अर्थान्तरन्यास. दोन्हींत दोन वाक्यं शेजारी येतात, मध्ये साम्यवाचक शब्द नसतो. ही जोडी पाहा:

'गरिबाचं बोलणं कोणी मनावर घेत नाही. पांदणीतल्या बाभळीला कोणी पाणी घालत नाही.'

'एक पाऊस चुकला अन् त्याला सावकाराच्या दारात जावं लागलं. अडलेल्या माणसाला दार निवडता येत नाही.'

दोन वाक्यांच्या मध्ये आळीपाळीनं 'तसंच' आणि 'कारण' घालून वाचा. पहिल्या जोडीत 'तसंच' बसतं. एक गोष्ट दुसरीचं प्रतिबिंब आहे, म्हणून दृष्टान्त. दुसऱ्या जोडीत 'कारण' बसतं. एका माणसाची गोष्ट सांगितली आणि सगळ्यांना लागू पडणाऱ्या विधानानं तिला टेकू दिला, म्हणून अर्थान्तरन्यास. क्रम उलटा, म्हणजे आधी सामान्य विधान आणि मग विशेष उदाहरण, असला तरी नाव तेच.

पहिल्या जोडीतलं पहिलं वाक्य पुसून टाका. ग्रामसभेत ज्याला कोणी बोलू दिलं नाही तो गरीब माणूस उठताना एवढंच म्हणाला, 'बाभळीला कोण पाणी घालते, बाप्पा?' बोलणं बाभळीबद्दल, रोख पंचांवर. ही अन्योक्ती. आपल्या कितीतरी म्हणी अशाच वापरल्या जातात.

दृष्टान्त हा शब्द विदर्भात आणखी एका वाटेनं ओळखीचा आहे. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभाव पंथाचं मोठं क्षेत्र. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांनी सांगितलेले 114 दृष्टान्त केसोबासांनी दृष्टान्तपाठात एकत्र केले. तिथं आधी सूत्र, मग छोटी गोष्ट म्हणजे दृष्टान्त, आणि मग त्या गोष्टीचा रोख उलगडणारा दार्ष्टान्तिक अशी मांडणी असते. तो पूर्ण कथेचा दृष्टान्त आहे, वरचा दोन ओळींचा अलंकार नव्हे. पण एक गोष्ट दुसरीच्या आरशात दाखवायची रीत तीच, आणि ती मुळापासून समजून घ्यायची असेल तर ते गद्य जरूर वाचावं.

राहिली व्याजस्तुती. वऱ्हाडी माणसाला ही शिकवावी लागत नाही. 'लाइनमन लय दयाळू हाये, पोट्ट्यांचे डोळे खराब होऊ नये म्हणून परीक्षेच्या दिवसांत रातच्याले लाइनच बंद ठेवते.' वरून स्तुती, आतून निंदा. किंवा उलट, वरून निंदा आणि आतून स्तुती. कागदावर छापलेल्या ओळीत बोलणाऱ्याचा सूर ऐकू येत नाही, म्हणून ही नेमकी तिथं हुकते. शंका आली की ओळ मोठ्यानं वाचा.

पाचवी पायरी: अक्षरं मोजा

कवितेचा नाद हा अलंकाराचा भाग नसला तरी त्याच्याशिवाय कविता कळत नाही. मात्रांचा हिशेब मागाहून शिका. सुरुवात अक्षरं मोजण्यापासून करा, ते बोटांवर जमतं. जोडाक्षर एकच धरायचं. मोठ्या अभंगात चार चरण असतात, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं यमक जुळतं. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण, शेवटी यमक. ग्रंथातल्या ओवीत पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. तुकडोजी महाराजांची ग्रामगीता याच ओवीत आहे. अभ्यासासाठी दोन नमुने इथंच रचून देतो:

काळ्या वावरात / पांढरी कपाशी /
उभी ताऱ्यांपाशी / रातभर

पावसाची वाट पाही /
रान झोपलेच नाही

पहिल्याची अक्षरं सहा, सहा, सहा, चार. 'कपाशी-ताऱ्यांपाशी' हे यमक. झाडाची कपाशी ताऱ्यांपाशी उभी नसते, म्हणजे अर्थ अडला. का अडला? वावर आणि आभाळ, बोंडं आणि तारे यांतलं अंतर कवितेनं न सांगता मिटवलंय. त्यात रातभर उभं राहणं हे जागल करणाऱ्या माणसाचं काम, म्हणून चेतनगुणोक्तीची छटाही आहे. काळं-पांढरं समोरासमोर ठेवलंय ते वेगळंच. एका ओळीत दोन-तीन अलंकार राहू शकतात. परीक्षेत एकच विचारला तर ज्याच्यावाचून ओळ कोसळेल तो लिहायचा. दुसऱ्या नमुन्यात आठ-आठ अक्षरं, यमक, आणि वाट पाहणारं रान ही ठळक चेतनगुणोक्ती.

सराव कुठं करायचा

पुस्तकाबाहेर आपल्याकडे याची खाण आहे. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी चालतात. त्यातल्या एका गाण्यात खड्डा, खड्ड्यात जातं, जात्यावर दळण अशी प्रत्येक ओळ मागच्या ओळीचं टोक धरून पुढं सरकते. शास्त्रातल्या एकावलीच्या अगदी जवळ जाणारी ही साखळी. पोळ्याच्या झडत्यांत यमक आणि व्याजस्तुती, जात्यावरच्या ओव्यांत उपमा आणि व्यतिरेक, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत आणि खडी गंमत या लोकनाट्यात श्लेष भरपूर. आजीकडून ओवी उतरवून घेताना ती म्हणते तशीच लिहा, प्रमाण मराठीत आणू नका. शब्द बदलला की शब्दालंकार मरतो, हे मघाशी पाहिलंच.

वहीत एवढंच नोंदवायचं: ओळ, कुठं अडलं, कोण उपमेय-कोण उपमान (असेल तर), शेवटी नाव. नावाचा रकाना सगळ्यात उजवीकडे ठेवा, म्हणजे हात आधी तिकडे जाणार नाही.

आता ही पाच वाक्यं झाकून सोडवा. 'चैतातलं ऊन तव्यागत तापलं.' 'ऊन कसलं, ही तर भट्टी!' 'ऊन एवढं, की कणगीतल्या ज्वारीच्या लाह्या झाल्या.' 'मिरग लागला, तरी ऊन सारखं वाढतच होतं.' 'या उन्हाले आमच्याच गावचा पत्ता बरा पाठ हाये!'

पहिल्यात उपमा, 'गत' हा साम्यवाचक शब्द. दुसऱ्यात अपन्हुती, 'कसलं' मध्ये नकार दडलाय. तिसऱ्यात अतिशयोक्ती. चौथ्यात 'सारखं' आहे आणि अलंकार नाही. पाचव्यात उन्हाला पत्ता पाठ असणं ही चेतनगुणोक्ती. कोणी व्याजस्तुती लिहिली, तर शब्दांत स्तुती नेमकी कोणती आणि तिच्या आडून निंदा कोणाची, हे त्याला दाखवावं लागेल. 'बरा' या शब्दावर बोट ठेवून ते दाखवता आलं, तर मी त्याचे गुण कापणार नाही.